उड्डाणानंतर विमानात बिघाड झाल्यास: इंदूरच्या प्रवाशांसाठी मार्गदर्शन

३१ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्लीहून इंदूरकडे निघालेल्या एका प्रवासी विमानात उड्डाणानंतर थोड्याच वेळात उजव्या इंजिनाला आग लागल्याचा इशारा कॉकपिटमध्ये उमटला. वैमानिकांनी ठरलेल्या पद्धतीप्रमाणे ते इंजिन बंद केले, उरलेल्या इंजिनावर विमान मागे वळवले आणि दिल्लीलाच सुखरूप उतरवले. त्याच वर्षी १२ जूनला अहमदाबादेत झालेल्या भीषण अपघाताची धास्ती लोकांच्या मनातून तोवर गेलेली नव्हती. त्यामुळे मुले पुण्यात किंवा बंगळुरात आणि आईवडील रामबागेत किंवा सुदामानगरात, अशा इंदुरातल्या अनेक मराठी घरांत या बातमीनंतर पुन्हा तोच प्रश्न विचारला गेला. आकाशात असताना यंत्रात काही बिघडले, तर वैमानिक नेमके काय करतात आणि आपण काय करायचे?

या प्रश्नाचे उत्तर येथे प्रवाशाच्या बाजूने मांडले आहे. विमान कसे चालवावे हे शिकवण्याचा यात हेतू नाही. परंतु पुढे कॉकपिटमध्ये कोणत्या क्रमाने काम चालले आहे हे ठाऊक असलेला प्रवासी शांत बसू शकतो, योग्य वेळी योग्य माहिती देऊ शकतो आणि उठायची वेळ आली की अडखळत नाही. हवेतला बिघाड हाताळण्याचे सारे शास्त्र क्रमावर उभे आहे, आणि त्या क्रमात प्रवाशालाही ठरलेले काम आहे, असे माझे ठाम मत आहे.

जागेवर बसल्यावर

विमान जागचे हलण्यापूर्वी आपल्या रांगेपासून पुढच्या आणि मागच्या दरवाजापर्यंत किती रांगा आहेत त्या मोजाव्यात, आणि तो आकडा लक्षात ठेवावा. धूर भरला की डोळ्यांना काही दिसत नाही. तेव्हा आसनांच्या पाठी हाताने चाचपत, रांगा मोजतच दरवाजा गाठावा लागतो. पट्टा पोटावर न बांधता खाली, ओटीपोटाच्या हाडांवर घट्ट आवळावा. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पायात चप्पल किंवा बूट असलेच पाहिजेत. आपल्याकडची वडीलधारी मंडळी बसल्या बसल्या पादत्राणे काढून ठेवतात, त्यांना ही एक गोष्ट आवर्जून सांगावी. साडी नेसलेल्या स्त्रियांनी पदर कमरेला खोचावा. सुती कपडे घालता आले तर उत्तम, कारण कृत्रिम धाग्याचे कापड उष्णतेने वितळून त्वचेला चिकटते. चष्मा, रोजच्या गोळ्या, ओळखपत्र आणि मोबाइल या वस्तू वरच्या कप्प्यात न ठेवता अंगावरच्या खिशात ठेवाव्यात. त्यामागचे कारण पुढे, विमान रिकामे करण्याच्या संदर्भात, स्पष्ट होईल.

आपत्कालीन दरवाजाशेजारची जागा पाय पसरायला मिळते म्हणून अनेकजण मागून घेतात. ती जागा घेणे म्हणजे एक जबाबदारी स्वीकारणे होय. दरवाजा कसा उघडतो हे समोरच्या पत्रकावरून वाचून समजून घेतले नसेल, किंवा तो उचलण्याइतकी हातांत ताकद नसेल, तर विनासंकोच केबिन कर्मचाऱ्यांना सांगून जागा बदलून घ्यावी.

धावपट्टीवर असताना आणि पहिल्या काही शे फुटांत

इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाची धावपट्टी सुमारे पावणेतीन किलोमीटर लांब आहे. प्रत्येक उड्डाणापूर्वी त्या दिवशीचे वजन, तापमान आणि वारा पाहून वैमानिक एक निर्णायक वेग काढून ठेवतात. त्या वेगाच्या आत गंभीर बिघाड झाला तर विमान थांबवायचे. तो वेग ओलांडल्यावर बिघाड झाला तर थांबायचे नाही, उडायचे. कारण त्यानंतर ब्रेक लावल्यास उरलेली धावपट्टी पुरेलच असे नसते, तर एका इंजिनावर सुरक्षित उंची गाठण्याची क्षमता सिद्ध केल्याशिवाय दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाला मान्यताच मिळत नाही. म्हणून धावताना मोठा आवाज झाला आणि तरीही विमान वर उचलले गेले, तर वैमानिकाचे दुर्लक्ष झाले असा अर्थ काढू नये.

इंजिनात हवेचा प्रवाह बिघडला की दिवाळीतल्या सुतळी बॉम्बसारखे धडाके ऐकू येतात, एकामागून एक येतात, आणि इंजिनाच्या मागच्या बाजूने ज्वाळा बाहेर झेपावताना दिसतात. हा प्रकार दिसायला भयंकर असला, तरी अनेकदा त्या इंजिनाचा जोर कमी करताच तो थांबतो. इंजिन खरोखरच बंद पडले तर विमानाचे नाक त्या बाजूला ओढले जाते. वैमानिक पायाने सुकाणू दाबून ते सरळ करतात आणि प्रवाशाला क्षणभर आपण आडवे सरकल्यासारखे वाटते. पक्षी इंजिनात गेला असल्यास भाजल्याचा वासही केबिनमध्ये येऊ शकतो. विमानांना पक्ष्यांच्या धडका बहुतांशी कमी उंचीवर, म्हणजे उड्डाण आणि उतरणे यांच्या वेळीच बसतात. विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या परिसरात उघड्यावर कचरा आणि मांसाचे अवशेष टाकण्यास कायद्याने मनाई आहे ती याच कारणासाठी. बिजासन टेकडी, गांधीनगर आणि सुपर कॉरिडॉर या भागांत राहणाऱ्यांनी हा नियम केवळ स्वच्छतेचा न मानता विमानसुरक्षेचाही मानावा, अशी कळकळीची विनंती आहे.

येथे काही निरुपद्रवी गोष्टीही सांगून ठेवल्या पाहिजेत, कारण घाबरलेला माणूस प्रत्येक आवाजाला बिघाड समजतो. उड्डाणानंतर काही सेकंदांत पायांखाली घरघर आणि धप्प असा आवाज येतो, तो चाके आत गेल्याचा असतो. हजार-दीड हजार फुटांच्या आसपास इंजिनांचा जोर ठरवून कमी केला जातो, तेव्हा आवाज मंदावतो आणि विमान खाली बसल्याचा भास होतो. इंदूरच्या पावसाळ्यात वातानुकूलनाच्या झरोक्यांतून पांढरे धुके येते. त्याला वास नसतो, ते छताजवळ विरून जाते आणि डोळ्यांना झोंबत नाही. धुराला वास असतो आणि तो झोंबतो. पंखांची टोके वरखाली होणे हा बिघाड नसून पंखांच्या रचनेतच योजलेला लवचीकपणा आहे.

कॉकपिटमधला क्रम

बिघाडाचा इशारा आल्यावर वैमानिक ताबडतोब बटणे दाबू लागतात, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात उलट घडते. विमानाचा वेग आणि चढण स्थिर होईपर्यंत, साधारणतः जमिनीपासून किमान ४०० फूट उंची गाठेपर्यंत, चाके आत घेणे आणि विमान सरळ ठेवणे यांखेरीज फारसे काहीच करायचे नाही अशी शिस्त त्यांना लावलेली असते. विमान उडवणे हे पहिले काम, ते कोठे न्यायचे हे ठरवणे दुसरे, आणि कोणाशी बोलायचे हे तिसरे. एक वैमानिक केवळ विमान सांभाळतो. दुसरा पडद्यावरची किंवा पुस्तिकेतली चेकलिस्ट मोठ्याने वाचून एकेक कृती करतो. इंजिन बंद करण्यासारखी परत न फिरवता येणारी कृती असेल, तर योग्य त्याच कळीवर हात आहे ना, याची दोघांनी खात्री केल्याशिवाय ती कळ ओढली जात नाही. इंजिनातल्या आगीसाठी विझवणाऱ्या वायूच्या बाटल्या विमानातच बसवलेल्या असतात. पहिली वापरून इशारा विझला नाही, तर काही सेकंद थांबून दुसरी वापरतात. हा सारा सराव वैमानिक सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटात, करत असतात आणि त्यांची त्यात दर सहा महिन्यांनी परीक्षा होते.

या संथपणाची किंमत न कळल्यास काय होते, याचे उदाहरण ८ जानेवारी १९८९ चे आहे. लंडनहून बेलफास्टला निघालेल्या बोइंग ७३७ विमानाच्या डाव्या इंजिनातले एक पाते तुटले, हादरे बसू लागले आणि कॉकपिटमध्ये धूर आला. वैमानिकांनी घाईत उजवे, म्हणजे धडधाकट इंजिन बंद केले. योगायोगाने त्याच सुमारास डाव्या इंजिनाचा जोरही कमी झाल्यामुळे हादरे ओसरले आणि आपला निर्णय बरोबर होता असे त्यांना वाटले. उतरण्यासाठी पुन्हा जोर देताच डावे इंजिन कोलमडले आणि विमान केगवर्थ गावाजवळ धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले. विमानातल्या १२६ जणांपैकी ४७ जण मृत्युमुखी पडले.

त्या अपघातातली जी गोष्ट आपल्या कामाची आहे ती केबिनमधली आहे. उजव्या इंजिनात बिघाड झाल्याची घोषणा वैमानिकाने केली, तेव्हा मागे बसलेल्या काही प्रवाशांनी आणि कर्मचाऱ्यांनी डाव्या इंजिनातून निघालेल्या ज्वाळा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. ही विसंगती कोणीही पुढे कळवली नाही. वैमानिकांना माहीत असणारच, असे प्रत्येकाने गृहीत धरले. त्यानंतर वैमानिक आणि केबिन कर्मचारी यांच्यातल्या संवादाच्या प्रशिक्षणावर जगभर भर वाढला. मात्र प्रवाशाला हे कोणी शिकवत नाही, आणि मला ती उणीव फार गंभीर वाटते.

दिसले तर सांगावे, आणि कसे सांगावे

कॉकपिटमधून इंजिने प्रवाशांच्या खिडकीतून दिसतात तशी दिसत नाहीत. पंखावरून इंधनाचा फवारा उडत आहे, इंजिनाच्या आवरणाचा पत्रा उचकटला आहे, एखाद्या ठिकाणाहून ठिणग्या येत आहेत, या गोष्टी उपकरणांवर उमटतीलच असे नाही. म्हणून असे काही दिसल्यास आसनावरूनच केबिन कर्मचाऱ्यांना बोलवावे. पट्टा सोडून गल्लीत धावू नये. डोक्यावरचे बटण दाबावे, आणि कोणी येऊ शकत नसेल तर मोठ्या पण स्पष्ट आवाजात हाक मारावी.

सांगताना चार गोष्टी सांगाव्यात: काय दिसले, कोणत्या बाजूला, कोणत्या रांगेच्या सुमारास, आणि केव्हापासून. डावी-उजवी बाजू नेहमी विमानाच्या नाकाकडे तोंड करून ठरवायची असते; समोर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याची डावी बाजू ती आपली उजवी असते, त्यामुळे बोटाने दाखवणे अधिक चांगले. उदाहरणार्थ, “ताई, मी बाराव्या रांगेत बसलो आहे, डाव्या इंजिनाच्या मागून ठिणग्या येत आहेत, विमान जमिनीवरून उठल्यापासून येत आहेत,” एवढे वाक्य पुरेसे आहे. ते हिंदीत बोलावे, इंग्रजीत बोलावे किंवा जमेल त्या भाषेत बोलावे. “काहीतरी झाले आहे, विमान पडणार,” या वाक्यात वैमानिकाला उपयोगी पडेल असे काहीच नसते आणि शेजारच्या दहा जणांचा धीर मात्र सुटतो. घोषणेत एक बाजू सांगितली आणि आपल्याला दुसऱ्या बाजूला आग दिसत असेल, तर संकोच पूर्णपणे बाजूला ठेवावा आणि कर्मचाऱ्याने ते कॉकपिटला कळवल्याची खात्री होईपर्यंत पाठपुरावा करावा. मोबाइलवर चित्रण करायचे असेल तर ते सांगून झाल्यानंतर करावे.

बरोबर आलेल्या आजी-आजोबांना हिंदी-इंग्रजी घोषणा नीट समजली नसेल तर शेजारच्या माणसाने ती मराठीत, जशीच्या तशी, काही न वाढवता सांगावी. परीक्षेच्या क्षणी वृद्धांना सर्वांत जास्त त्रास होतो तो काय चालले आहे हे न कळण्याचा.

परत फिरलेले विमान घिरट्या का घालते

बिघाड झाल्यावर घोषणा यायला दहा-पंधरा मिनिटेही लागू शकतात. त्या शांततेत वैमानिक चेकलिस्ट पूर्ण करत असतात, नियंत्रण कक्षाशी बोलत असतात आणि कोठे उतरायचे ते ठरवत असतात. तातडी असली पण जिवावर बेतलेले नसले तर ते तीनदा ‘पॅन-पॅन’ म्हणतात; गंभीर धोका असला तर तीनदा ‘मेडे’. रडारवर आपली ओळख पटावी म्हणून ७७०० हा संकेतांकही लावता येतो. त्यानंतर इतर विमानांना बाजूला ठेवून त्या विमानाला वाट दिली जाते, आणि खाली अग्निशमन बंब व रुग्णवाहिका धावपट्टीलगत उभ्या राहतात. उतरताना खिडकीतून ती रांग दिसली की अनेकांच्या छातीत धस्स होते. ‘पूर्ण आणीबाणी’ जाहीर झाली की ती रांग लागतेच. विमान मोडणार असे कोणाला वाटते म्हणून ती लागत नाही.

घिरट्यांचे पहिले कारण वजन. इंदूरहून उडणाऱ्या एअरबस ए-३२० जातीच्या नव्या विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन ७९ टनांपर्यंत असू शकते, पण उतरण्याच्या वेळची मर्यादा सुमारे ६७ टनांची असते. मोठ्या विमानांप्रमाणे हवेत इंधन सोडून देण्याची सोय या विमानात नाही; ते जाळूनच कमी करावे लागते. इंदूर-दिल्ली किंवा इंदूर-मुंबई हे टप्पे लहान असल्याने इंधन बेताचे असते आणि विमान लवकर उतरू शकते. शारजासारख्या लांबच्या उड्डाणात अधिक वेळ घिरट्या घालाव्या लागतात. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेल्या बोइंग ७३७ मध्ये उड्डाणानंतर हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या, यंत्रणेचा बिघाड झाला, तेव्हा ते विमान दोन तासांहून अधिक वेळ आकाशात फिरत राहिले आणि मग तिरुचिरापल्लीलाच सुरक्षित उतरले. त्या दोन तासांत दूरचित्रवाणीने देशाचा श्वास रोखून धरला होता. प्रत्यक्षात ते दोन तास विमानाला हलके आणि म्हणून सुरक्षित करत होते. याउलट आग विझत नसेल किंवा धूर वाढत असेल, तर वजनाची मर्यादा ओलांडूनही ताबडतोब उतरण्याची मुभा वैमानिकांना असते. नंतर अभियंते विमानाची तपासणी करतात.

दुसरे कारण धावपट्टीचे. हायड्रॉलिक दाबावर चाके, ब्रेक आणि पंखांच्या मागच्या फळ्या चालतात. अशा विमानांत या दाबाच्या तीन स्वतंत्र यंत्रणा असतात, त्यामुळे एक गेली तरी विमान ताब्यात राहते. पण फळ्या पूर्ण उघडल्या नाहीत तर उतरण्याचा वेग वाढतो आणि थांबायला अधिक अंतर लागते. अशा वेळी वैमानिक इंदूरऐवजी अहमदाबाद किंवा मुंबईसारख्या अधिक लांब धावपट्टीच्या, मोठ्या अग्निशमन दलाच्या विमानतळाकडे जाऊ शकतात. घर खाली दिसत असताना विमान दूर का चालले, असे वाटेल. पण जवळचा विमानतळ तोच योग्य विमानतळ असेल असे नाही. चाकेच बाहेर आली नाहीत, तरीही वाट उरते. १ नोव्हेंबर २०११ रोजी अमेरिकेतल्या नेवार्कहून निघालेले बोइंग ७६७ विमान हायड्रॉलिक गळतीमुळे वॉर्सा येथे चाकांविना, पोटावर उतरवावे लागले. कॅप्टन तादेउश व्रोना यांनी ते असे उतरवले की विमानातल्या २३१ जणांपैकी कोणालाही गंभीर इजा झाली नाही.

या काळात प्रवाशाचे काम एवढेच: पट्टा घट्ट ठेवणे, स्वच्छतागृहाकडे न जाणे, गल्ली मोकळी ठेवणे, आणि आपली सुटकेची वाट पुन्हा एकदा मनात उजळवणे. शेजारी कोणी लहान मूल घेऊन एकटी आई असेल, तर गरज पडल्यास कोणी कोणाला धरायचे हे याच वेळी बोलून ठेवावे.

हवेचा दाब गेला तर

उंचीवर असताना केबिनमधला दाब घटला, तर ऑक्सिजनचे मास्क साधारणतः केबिनमधली हवा १४,००० फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ झाल्यावर आपोआप खाली पडतात. ३५,००० फुटांवर माणसाची विचारशक्ती शाबूत राहण्याचा काळ अर्ध्या ते एका मिनिटाचा असतो, म्हणूनच आधी स्वतःला मास्क लावून मग मुलाला लावायचा. आपल्या आयांना हे पटत नाही. परंतु बेशुद्ध पडलेली आई मुलाला काहीच मदत करू शकत नाही. मास्क हिसका देऊन आपल्याकडे ओढावा, कारण ओढल्यावरच ऑक्सिजन तयार होऊ लागतो. तो नाक आणि तोंड दोन्ही झाकेल असा लावावा. १७ एप्रिल २०१८ रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या बोइंग ७३७ चे इंजिन फुटून खिडकी तुटली, तेव्हाच्या छायाचित्रांत अनेक प्रवाशांनी मास्क केवळ तोंडावर लावलेला, नाक उघडे असे दिसले. मास्कची पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो आणि जळका वास आला तरी तो ऑक्सिजन तयार करणाऱ्या रासायनिक डब्याचा असतो.

विमान यानंतर वेगाने खाली येते. ते पडत नसून वैमानिक त्याला १०,००० फुटांकडे नेत असतात, जेथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. डब्यातला ऑक्सिजन बारा ते पंधरा मिनिटांपुरता असतो आणि खाली यायला तेवढा वेळ पुरतो. कान दुखत असतील तर नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हळुवार हवा कानांकडे ढकलावी.

उतरण्यापूर्वीची तयारी

केबिन कर्मचारी सूचना देतील तेव्हा चष्मा, पेन, उंच टाचांची पादत्राणे दूर करावीत. वाकून बसण्याची आज्ञा मिळताच डोके समोरच्या आसनाच्या पाठीला टेकवावे, हात डोक्यावर, बोटे एकमेकांत न गुंतवता ठेवावेत, आणि पावले गुडघ्यांच्या किंचित मागे जमिनीवर सपाट टेकवावीत. समोरचे आसन पोहोचत नसेल तर छाती मांड्यांवर टेकवून पायांच्या नळ्या धराव्यात. गर्भवती स्त्रियांनी आणि पाठीचे दुखणे असलेल्या ज्येष्ठांनी आपल्याला हे कसे जमेल हे कर्मचाऱ्यांना आधीच विचारून घ्यावे. विमान पूर्ण थांबेपर्यंत ही स्थिती सोडू नये, कारण पहिल्या धक्क्यानंतर दुसरा येऊ शकतो.

पाण्यावर उतरण्याचा प्रसंग माळव्यात येणार नाही, पण मुंबईच्या फेरीत समुद्र लागतो. लाइफ जॅकेट विमानाच्या आत कधीही फुगवू नये. केबिनमध्ये पाणी भरले तर फुगलेले जॅकेट माणसाला छताशी अडकवते. दारातून बाहेर पडतानाच दोरी ओढावी.

थांबल्यावर बसायचे की पळायचे

या प्रश्नावर सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून तो नीट समजून घ्यावा. विमान थांबले, चहूबाजूंनी बंब आले, तरीही आज्ञा होईपर्यंत बसून राहायचे. वेगाने उतरलेल्या जड विमानाचे ब्रेक इतके तापतात की टायर आपोआप हवा सोडतात. अशा वेळी चाकांजवळून लोकांना चालवणे धोक्याचे असते. ४ नोव्हेंबर २०१० रोजी सिंगापूरहून उडालेल्या ए-३८० विमानाचे एक इंजिन फुटले. कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इशाऱ्यांची लांबलचक यादी हवेतच निपटली आणि विमान सिंगापूरला उतरवले. पण उतरल्यावर तापलेल्या ब्रेकशेजारी इंधन गळत होते आणि एक इंजिन बंदच होईना. तरीही त्यांनी आणीबाणीत दारातून खाली सोडायच्या फुगणाऱ्या घसरगुंड्या उघडल्या नाहीत. ४६९ जणांना विमानातच बसवून ठेवले, बंबांनी फेस मारला, आणि जवळपास तासाभराने शिड्या लावून त्यांना उतरवायला सुरुवात झाली. कोणालाही इजा झाली नाही. घसरगुंडीवरून उतरताना हाडे मोडतात, विशेषतः वृद्धांची. बाहेरचा धोका आतल्या धोक्याहून मोठा असेल तर बसणेच शहाणपणाचे.

आणि विमान रिकामे करण्याची आज्ञा झाली, तर एक क्षणही दवडू नये. निम्मे दरवाजे बंद असतानाही भरलेले विमान ९० सेकंदांत रिकामे होऊ शकते, हे सिद्ध केल्यावरच त्याला प्रमाणपत्र मिळते. मात्र त्या चाचणीत कोणी वरच्या कप्प्यातून बॅग काढत नसतो. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर पेटलेल्या ए-३५० मधून सर्व ३७९ जण बाहेर पडले, तेव्हा सामान जागेवरच सोडले गेले होते. लग्नाचे दागिने, मुलीसाठी नेलेला फराळाचा डबा, कागदपत्रे, काहीही घेऊ नये. ज्यांना हे जमणार नाही असे वाटते त्यांनी मौल्यवान वस्तू अंगावरच्या छोट्या कमरपिशवीत ठेवाव्यात, म्हणजे हात वर जाणारच नाही.

आपल्या जवळचा दरवाजा उघडण्यापूर्वी खिडकीतून बाहेर पाहावे; ज्वाळा दिसत असतील तर तो दरवाजा सोडून दुसऱ्याकडे वळावे. धूर असेल तर खाली वाकून, रुमाल किंवा पदर नाकातोंडावर धरून चालावे. घसरगुंडीच्या तोंडाशी बसण्यात वेळ घालवू नये. हात छातीवर आडवे घेऊन सरळ उडी घ्यावी. खाली पोहोचताच विमानापासून किमान शंभर मीटर दूर, वारा येतो त्या दिशेला जावे आणि धावत्या बंबांकडे लक्ष ठेवावे. नातलगाला शोधण्यासाठी मागे वळू नये. घरच्यांनी कोठे जमायचे हे हवेत असतानाच ठरवून ठेवलेले बरे.

त्यानंतरचे काही तास

घरी एकच संदेश पाठवावा: विमान अमुक ठिकाणी उतरले, आम्ही सुखरूप आहोत, पुढचे कळवतो. घरच्यांनीही मोबाइलवरच्या विमानमार्गाच्या नकाशावरून तर्क करत बसू नये. बिघाडाचे चित्रण केले असेल तर ते समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी विमान कंपनीला द्यावे आणि जपून ठेवावे. गंभीर घटनेची चौकशी करणारे विमान अपघात तपास ब्युरो हे केंद्रीय खाते अशा चित्रणाचा उपयोग करते. कान बधिर झाले असतील, छातीत दुखत असेल, श्वास लागत असेल, तर विमानतळावरच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय दुसऱ्या विमानात चढू नये.

देशातल्या नियमांप्रमाणे उड्डाण लांबल्यास ठरावीक प्रतीक्षेनंतर खाणेपिणे देणे, आणि विलंब सहा तासांहून अधिक होणार असल्यास दुसरे विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे यांपैकी एक पर्याय देणे विमान कंपनीला बंधनकारक आहे. दाद न मिळाल्यास केंद्र सरकारच्या एअरसेवा या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी बोर्डिंग पास फेकून देऊ नये.

त्याच दिवशी पुन्हा विमानात बसण्याची हिंमत काहींना होत नाही, आणि त्यात कमीपणा मानण्याचे मुळीच कारण नाही. आई किंवा काका “मी आता विमानाने जाणार नाही” असे म्हणाले तर त्यांच्याशी वाद घालू नये. इंदूरहून पुण्याला आणि मुंबईला रात्रीची रेल्वे आहे. मात्र प्रवासी चढत नसेल तर त्याचे तपासून दिलेले सामान विमानाच्या पोटातून शोधून उतरवावे लागते, तोवर ते विमान निघू शकत नाही. म्हणून हा निर्णय पर्यायी विमानाची घोषणा होताच, दारात रांग लागण्यापूर्वी, कंपनीच्या कर्मचाऱ्यांना सांगावा.